रात्रीचं जास्त खाणं संध्याकाळी पाचला थांबवा: ठाणे-नवी मुंबईच्या दिनक्रमात बसणारी पद्धत

वजन वाढतंय असं लक्षात आलं की बहुतेक जण दुपारच्या डब्यातली एक पोळी कमी करतात. चार दिवस बरं चालतं. पाचव्या दिवशी ठाणे स्टेशनला उतरल्यावर पोटात कावळे ओरडत असतात, वडापाव होतो, आणि घरी ताटावर बसल्यावर तीन पोळ्यांवर भातही होतो. मग "माझ्यात संयमच नाही" असा निष्कर्ष निघतो. पण इथे संयमापेक्षा वेळापत्रकाचा दोष मोठा असतो.

इकडच्या नोकरदाराचा दिवस पाहा. डबा उघडतो साडेबारा-एकला. लोकल, मग बस किंवा रिक्षा, घोडबंदर रोडची कोंडी असं सगळं करून घरचं ताट समोर येतं साडेनऊला. मधल्या साडेआठ तासांत पोटात जातो तो दोन वेळचा गोड चहा आणि चार बिस्किटं. इतक्या वेळाने जेवायला बसलेला माणूस भराभर खातो आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच दुसऱ्यांदा वाढून घेतो. म्हणून सुरुवात रात्रीच्या ताटापासून करायची नाही. आधी संध्याकाळ सांभाळायची. ताट त्यानंतर आपोआप निम्मं सुधारतं, उरलेलं निम्मं मोजून सुधारावं लागतं.

आधी जमवायच्या वस्तू

- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा.
- मापाचे चमचे, ५ मिली आणि १५ मिलीचे. घरातल्या चमच्यांवर विसंबू नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा.
- एक ठरलेली वाटी. काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाणी भरा. १५० ग्रॅम पाणी मावलं तर ती १५० मिलीची वाटी. या लेखात वाटी म्हटलं की हीच.
- शिंप्याची टेप.
- खिशात मावणारी वही, नाहीतर मोबाइलमधली टिपण्यांची जागा.
- घट्ट झाकणाचे दोन छोटे डबे.
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), हिमोग्लोबिन.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण किंवा अंगावरचं पाजणं चालू असेल, तर खालचे बदल डॉक्टरांना विचारूनच करा. औषध तेवढंच ठेवून जेवण कमी केलं तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.

१. पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

वेळ, पदार्थ, अंदाजे प्रमाण, कुठे खाल्लं आणि खाण्याआधी भूक किती होती (१ म्हणजे जवळपास नाही, ५ म्हणजे कडकडून) एवढंच लिहायचं. खाल्ल्यावर लगेच लिहा. रात्री झोपताना आठवून लिहिणाऱ्यांच्या वहीत पोळ्या असतात, पण भाजी परतताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटात उरलेला अर्धा पराठा, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, डब्यातून येता-जाता उचललेली चकली यांतलं काहीच नसतं. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या बाबतीत या न लिहिलेल्या घासांचं मिळून एक वेळचं जेवण होऊ शकतं.

आठवड्याच्या शेवटी वही उघडा आणि ज्या नोंदींपुढे भूक १ किंवा २ आहे, तरी खाणं झालंय, त्यांच्याभोवती गोल करा. ते कंटाळ्याचं, आग्रहाचं किंवा समोर होतं म्हणून झालेलं खाणं. भूक ५ असलेल्या नोंदी वेगळ्या रंगात. त्या बहुतेक संध्याकाळी सातनंतरच्या निघतील.

२. मोजमाप एकदा नीट घ्या

कंबर मोजताना पँटच्या पट्ट्याची जागा धरू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप ठेवायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. बॉडी मास इंडेक्सही (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असा धरला जातो, कारण आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते. उंची १६० सेंटिमीटर असेल तर २३ म्हणजे साधारण ५९ किलो आणि २५ म्हणजे ६४ किलो.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. आठवड्यातून तीन वेळा करा आणि सरासरी लिहा. आदल्या रात्री खारट खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की काटा किलोभर वर दाखवतो. ते पाणी असतं, चरबी नव्हे. एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही, आणि एक दिवस उपाशी राहून उतरतही नाही.

३. पाच-साडेपाचचं खाणं ठरवा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. ऑफिस सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, भूक ३ च्या आसपास असताना, १५० ते २०० कॅलरीचं खाणं. (कॅलरी म्हणजे इथे पाकिटावर छापतात ती किलोकॅलरी.) त्यात प्रथिनं आणि चावावं लागेल असं काहीतरी हवं. चहा-बिस्किटाने हे काम होत नाही. मैदा आणि साखर लवकर पचते आणि भूक परत येते.

चालतील असे पर्याय:

- ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. फुटाण्यांत साधारण ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. ३० ग्रॅम एकदा काट्यावर मोजा, आपल्या मुठीत किती बसतात ते कळेल.
- २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि एक सफरचंद किंवा संत्रं. शेंगदाणे पुडीतून खाऊ नका. १०० ग्रॅमला ५५०च्या वर कॅलरी जातात आणि पुडी संपेपर्यंत हात थांबत नाही.
- दोन उकडलेली अंडी, साधारण १५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं.
- वाटीभर उकडलेली मोडाची मटकी किंवा मूग, वर लिंबू.
- बाहेरूनच घ्यायचं असेल तर साध्या दह्याचा डबा, किंवा ताकाचं पाकीट आणि एक केळं. पावसाळ्यात भाजलेलं कणीस, लोणी न लावता.

इथे बिघडतं ते हवामानामुळे. सकाळी साडेसहाला भरलेली उसळ किंवा सोललेली अंडी आपल्याकडच्या दमट उकाड्यात संध्याकाळी पाचपर्यंत फ्रीजशिवाय टिकत नाहीत. ऑफिसात फ्रीज असेल तरच ओले पदार्थ न्या, नाहीतर कोरडे. उसळीत कांदा-टोमॅटो सकाळीच घालू नका, पाणी सुटतं आणि आंबूस वास येतो.

मोड आणायचं वेळापत्रकही नोकरीला जुळतं. सकाळी निघताना मटकी भिजवा, रात्री पाणी काढून फडक्यात बांधा, दुसऱ्या संध्याकाळी मोड तयार. पावसाळ्यात फडकं चिकट होतं, म्हणून मधे एकदा धुऊन परत बांधा. मोड आले की फ्रीजमध्ये, आणि खाण्याआधी वाफवून घ्या.

आता वेळ. खाणं गाडीत चढण्याआधी व्हायला हवं. उतरल्यावर स्टेशनबाहेर तळणीचा वास, समोरची गर्दी आणि ५ पर्यंत गेलेली भूक या तिघांपुढे कुणाचंच काही चालत नाही. ठाण्याला पश्चिमेला बस पकडायची असेल तर खाली गाड्यांच्या रांगेतून न जाता सरळ सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलावरच्या बसथांब्यांकडे, चढा. वाशी, नेरूळ, बेलापूरलाही स्टेशनमधून बाहेर पडायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत, त्यातली खाऊच्या गाड्या नसलेली निवडा. ऐकायला बालिश वाटेल, पण रोज संध्याकाळी मोहाशी झुंजण्यापेक्षा रस्ता बदलणं सोपं.

वडापाव कायमचा सोडायची गरज नाही. तो साधारण ३०० कॅलरीचा असतो. आठवड्यातला एक दिवस त्याला द्या आणि त्या दिवशी पाचचं खाणं तोच. त्याच्या मागून भजी आणि गोड चहा आला तर ते जेवण झालं, मग रात्री खरंच फक्त ताक-कोशिंबीर.

४. रात्रीचं ताट

मराठी जेवणात एक छुपी अडचण आहे. आपण दोनदा जेवतो. आधी पोळी-भाजी, मग वरण-भात. पोळीने पोट भरलेलं असतं, पण भाताशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नाही. त्यावर तूप, लोणचं, पापड. रात्रीच्या ताटातला सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. दोनांपैकी एक निवडा: दोन पोळ्या आणि भात नाही, किंवा एक पोळी आणि अर्धी-पाऊण वाटी भात. भात सगळ्यांबरोबरच, पहिल्यांदा वाढतानाच ताटात घ्या. "शेवटी थोडासा" म्हणून घेतलेला भात थोडासा नसतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एकदा कणकेचा गोळा काट्यावर ठेवा. ३० ग्रॅम पिठाचा भिजवलेला गोळा ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि त्याचा फुलका साधारण १०० कॅलरीचा होतो. घडीची पोळी ३५-४० ग्रॅम पिठाची असते आणि आत-बाहेर मिळून चमचाभर तेल जातं, म्हणून ती दीडशेच्या वर. ५० ग्रॅम तांदळाचा भात शिजल्यावर साधारण आपली वाटीभर होतो, १७५ कॅलरी. तुपाचा एक चमचा, ५ मिलीचा, ४०-४५ कॅलरी. तूप वाईट नाही, पण चमच्याने घाला, तांब्या वाकवून नको.

भाकरीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. "पोळी सोडली, भाकरी धरली" म्हणून वजन उतरत नाही. ज्वारीच्या एका भाकरीला ६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांएवढी. फायदा आहे तो तंतूंचा, आणि तेल लागत नाही त्याचा. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर मात्र चार फुलके झाले.

भाजीचा हिशेब उलटा करायला हवा. चार माणसांत पाव किलो भेंडी आणली की परतल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन चमचे येते, आणि ती तोंडी लावत तीन पोळ्या जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरीच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांसमासे) आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असं प्रमाण आहे. म्हणजे चौघांना एका वेळेला पाऊण किलो भाजी लागते. सोबत काकडी, गाजर, मुळा, कोबी यांची कोशिंबीर, दाण्याचं कूट चमचाभरच. बटाटा, रताळं, सुरण हे या भाजीत धरू नका, ते भात-पोळीच्या बाजूचे.

एवढी भाजी रोज निवडणार कोण, हा खरा प्रश्न. रविवारी जांभळी नाक्याहून किंवा आपल्या सेक्टरच्या मंडईतून तीन दिवसांची आणा. फरसबी, गवार, कोबी, गाजर चिरून कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये टिकतात. पालेभाजी निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवा. धुऊन ठेवली तर सडते. तुर्भ्याचं एपीएमसी घाऊक बाजारासाठी आहे, इमारतीतली चार-पाच घरं मिळून वाटून घेणार असतील तरच तिथे जाण्यात अर्थ.

वरण पातळ असतं हेही लक्षात घ्या. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ शिजवली तर ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. चौघांत मूठभर डाळीचं पाणीदार वरण हा भात गिळायचा मार्ग होतो, पोट भरायचा नव्हे. उसळ, पिठलं, अंडं, मासा यांपैकी एक तरी रोज रात्री असू द्या. बेलापूरच्या दिवाळे गावात किंवा आपल्या जवळच्या कोळीणीकडे ताजा बांगडा मिळाला तर कालवण करा, किंवा तव्यावर चमचाभर तेलात भाजा. रव्यात घोळवला की रवा तेल पितो आणि सगळा हिशेब बिघडतो.

वाढायची पद्धत: ताट ओट्यावरच वाढून बाहेर आणा. पातेली टेबलावर किंवा टीव्हीसमोर आली की हात जातोच. पहिलं वाढप संपल्यावर दहा मिनिटं थांबा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांनी भूक असेल तर भाजी किंवा आमटी घ्या. मोबाइल बाजूला ठेवून जेवलं तर घासांची संख्या ध्यानात राहते, याहून मोठं तत्त्वज्ञान त्यात नाही.

५. तेल आणि साखर: महिन्याने मोजा

रोज चमचे मोजणं आठवडाभरात सुटतं. त्याऐवजी तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. माणशी २७ ग्रॅम धरलं तर चार मोठ्या माणसांना एक लिटर तेल साधारण आठ दिवस पुरायला हवं, आणि त्यात तूपही आलं. पाच-सहा दिवसांत संपत असेल तर फोडणीचा हात सैल आहे किंवा तळण जास्त होतंय. कढईत थेट पिशवीतून तेल ओतू नका, चमच्याने मोजून घाला. चौघांच्या भाजीला १५ मिलीचे दोन चमचे पुरतात. भाजी खाली लागायला लागली तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा.

साखरेत चहा सगळ्यात मोठा चोर. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एकदम बंद केली तर चहा आवडेनासा होतो आणि पंधरा दिवसांनी सगळं पूर्ववत. दर दहा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. टपरीवरचा कटिंग आधीच गोड असतो, तिथे बिनसाखरेचा सांगितला तर मिळतो, फक्त दोन मिनिटं थांबावं लागतं. गुळाचा चहा म्हणजे आरोग्याचा चहा, ही जाहिरात आहे. कॅलरीच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळपास सारखेच.

६. मेस, पोळी-भाजी केंद्र आणि ॲपवरून मागवणं

पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी वरचं सगळं वाचून सुस्कारा सोडला असेल. त्यांच्यासाठी सोपी वाट: पोळी-भाजी केंद्रातून दोन-तीन फुलके आणि एकाऐवजी दोन भाज्या घ्या, त्यातली एक उसळ. भात घेऊ नका. घरी काकडी, टोमॅटो आणि दही तेवढं ठेवा, गॅसही लागत नाही. भाजीवर तेल तरंगत असेल तर दहा मिनिटं डबा तिरका ठेवून वरचं तेल चमच्याने काढा. मिसळीची तर्री वेगळी मागा, ओतून घेऊ नका, आणि पाव दोनच.

ऐरोली, महापे, रबाळेच्या कंपन्यांतल्या कँटीनमध्ये अमर्याद थाळी असते तिथे पहिल्या फेरीत फक्त कोशिंबीर, भाजी, डाळ घेऊन बसा. पोळी-भातासाठी परत उठावं लागतं म्हणून तो कमी येतो.

ॲपवरून मागवण्यात दोन सापळे आहेत. पहिला, साडेनऊला भूक लागलेल्या अवस्थेत यादी उघडणं. मागवायचंच असेल तर पाचच्या खाण्यानंतर लगेच ठरवून ठेवा. दुसरा, डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून घातलेला जास्तीचा पदार्थ. चाळीस रुपये वाचवायला दीडशेचा गुलाबजाम पोटात जातो. एका माणसाची म्हणून येणारी बिर्याणी बहुतेक वेळा दोघांची असते. डबा उघडल्याबरोबर, खायला सुरुवात करण्याआधी, अर्धी दुसऱ्या डब्यात काढा.

पाकिटावरचं कोष्टक वाचताना १०० ग्रॅमचा आकडा पाहा, "प्रति सर्व्हिंग"चा नको. फरसाणाचं १०० ग्रॅमला ५००च्या पुढे जातं, आणि सर्व्हिंग २०-३० ग्रॅमचं लिहिलेलं असतं. एवढ्यावर कोण थांबतो?

७. उपवास, सण आणि रविवार

एकादशी, दुप्पट खाशी, हे उगाच म्हटलेलं नाही. ताटलीभर साबुदाण्याच्या खिचडीचा हिशेब: ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, म्हणजे सव्वाचारशेच्या वर कॅलरी, आणि साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, म्हणून तीन तासांत परत भूक. वर बटाट्याचे वेफर्स. उपवास करायचा असेल तर वाटीभर वरईचा भात, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असं एक नीट जेवण करा, आणि एक फळ. दिवसभर उपाशी राहून रात्री सोडायची संकष्टी असेल तर त्या दिवशीही पाचला फळ आणि दूध घ्या. मोदक मग दोनावर थांबतात.

दिवाळीचा फराळ चहाबरोबर दिवसातून चारदा खाल्ला जातो, खरी अडचण ही. जेवणानंतर लगेच एक करंजी किंवा एक लाडू, आणि मधल्या वेळी डबा माळ्यावर. कुणाकडे गेलात आणि आग्रह झाला तर "नको" म्हणू नका, त्याने आग्रह वाढतो. "बांधून द्या, घरी सगळ्यांबरोबर खातो" म्हणा. यजमानही खूश आणि फराळ चौघांत वाटला जातो.

रविवारी मटण-वडे, पुरी-श्रीखंड होणारच. एक जेवण मोठं करा, पण दिवस मोठा करू नका: सकाळचा नाश्ता हलका, दुपारी मनसोक्त, रात्री मुगाची खिचडी वाटीभर. शनिवारची रात्र आणि रविवारचे तिन्ही वेळ सुटले की सोमवार ते शुक्रवारचं सगळं भरून निघतं. वहीत शनिवार-रविवारची पानं कोरी असतील, तर उत्तर तिथेच आहे.

८. चालणं आणि झोप

चालण्याचे फायदे पुष्कळ, पण खाल्लेलं "जाळायला" म्हणून चालू नका. अर्धा तास भरभर चाललात तर सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, म्हणजे अर्धा वडापाव. तलावपाळी, उपवन, नेरूळचं ज्वेल पार्क, खारघरचं सेंट्रल पार्क, जवळ असेल तिथे जा आणि बाहेरच्या गाडीवरचा गोड रस पिऊन परत येऊ नका. रात्रीच्या जेवणानंतर इमारतीखाली दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर साखर एकदम चढत नाही, आणि फ्रीज उघडायचा वेळही निघून जातो.

झोप पाच तासांवर आली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, तृप्ती देणारं लेप्टिन कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं हवंसं वाटतं. रात्री बाराला मालिका बघताना लागलेली भूक बहुतेक वेळा झोपेची असते.

९. किती अपेक्षा ठेवायची आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा ठीक वेग. पहिल्या दोन आठवड्यांत दीड-दोन किलो उतरलं तर त्यात पाणी जास्त असतं, आणि तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला तर घाबरायचं कारण नाही. चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलले नाहीत, तर पुन्हा आठ दिवस सगळं वजन करून लिहा. चमचे आणि वाट्या हळूहळू मोठ्या झालेल्या सापडतात.

खाण्यात बदल न करता वजन भराभर वाढत असेल, पाळी अनियमित झाली असेल, घोरणं आणि दिवसा पेंग येत असेल, किंवा स्टेरॉइडसारखं नवं औषध सुरू झाल्यावर वजन वाढलं असेल, तर आधी डॉक्टर. आणि थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातंय, थांबवता येत नाही, नंतर लपवावंसं वाटतं किंवा ओकून काढावंसं वाटतं, असं आठवड्याला होत असेल तर तो सवयीचा प्रश्न नाही. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडे जाताना रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी (काढे आणि पावडरीही), गेल्या वर्षभरातल्या वजनांच्या नोंदी आणि वहीतली शेवटच्या दोन आठवड्यांची पानं न्या. पानं खरी असू द्या. तपासण्याआधी नीटनेटकी करून लिहिलेली वही बघून आहार ठरवला, तर तो तुमच्यासाठी ठरवलेला नसतो.